कर्ज फिटत नाही असं दिसू लागल्यावर: नादारीचा अर्ज करावा का, हे कसं ठरवायचं

२०२० च्या फेब्रुवारीत मी शाळांच्या गणवेशाचं कापड उधारीवर भरलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. पुढची दोन वर्षं माझं शिवण युनिट कर्जावर चाललं आणि मग एक कर्ज दुसऱ्या कर्जावर चालू लागलं. कार्डाचं बिल भरायला पर्सनल लोन, पर्सनल लोनचे हप्ते भरायला पतसंस्था, पतसंस्थेला द्यायला नणंदेकडून हातउसने. २०२३ मध्ये बेरीज साडेअठरा लाखांवर गेली तेव्हा ओळखीतले एक जण सहज म्हणाले, "दिवाळखोरी जाहीर करून टाका, सगळं सुटतं."

सगळं सुटत नाही. माझ्या धाकट्या भावाने त्याच सुमारास नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही हे कोर्टाकडून जाहीर करून घेण्याचा (यालाच लोक दिवाळखोरी म्हणतात), अर्ज केला, आणि त्याच्यासाठी ते योग्य ठरलं. मी अर्ज लिहून तयार ठेवला होता, पण दाखल केला नाही, आणि माझ्यासाठी तेच योग्य ठरलं. कर्जाचा आकडा आम्हा दोघांचा जवळजवळ सारखा होता. फरक एवढाच होता की माझ्या कर्जांमागे माणसं उभी होती आणि त्याच्या कर्जांमागे तो एकटा. हे मला सुरुवातीलाच कुणी सांगितलं असतं, तर सहा महिन्यांची झोप वाचली असती. म्हणून हे पायरीपायरीने लिहिते आहे. मी वकील नाही. अर्ज करण्याआधी वकिलाला भेटाच, पण भेटायला जाताना तुम्हाला काय विचारायचं ते ठाऊक असलं पाहिजे.

१. तुम्हाला कोणता कायदा लागू होतो ते आधी पाहा

इंटरनेटवर शोधलंत तर २०१६ ची दिवाळखोरी संहिता समोर येते. त्यात कमी उत्पन्नाच्या माणसाला कर्जातून 'नवी सुरुवात' देण्याची तरतूद लिहिलेली आहे आणि व्हिडिओवाले तीच सांगत असतात. पण संहितेचा व्यक्तींसाठीचा तो भाग सर्वसामान्य कर्जदाराला अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला ज्यांनी स्वतःची वैयक्तिक हमी दिली आहे, फक्त त्यांच्यासाठी तो १ डिसेंबर २०१९ पासून सुरू आहे.

तुम्हाआम्हाला अजून जुनेच कायदे. मुंबईत राहणाऱ्यांना १९०९ चा कायदा, त्याचं काम उच्च न्यायालयात चालतं. उरलेल्या महाराष्ट्राला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, आणि त्याचा अर्ज तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या हद्दीत. पुढे जे लिहिते आहे ते १९२० च्या कायद्याबद्दल.

अर्ज कोण करू शकतो? कर्ज फेडण्याची ऐपत उरलेली नाही, आणि एकूण देणं किमान पाचशे रुपये आहे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम आहे, किंवा हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे देण्याबद्दल कोर्टाने दिलेल्या निकालाच्या, वसुलीसाठी अटक झाली आहे. पाचशे रुपये ही शंभर वर्षांपूर्वीची मर्यादा आहे, त्यामुळे या अटीत आज कुणीही बसतो. बसता येतं म्हणून बसावं का, हा खरा प्रश्न आहे.

२. सगळी कर्जं एका कागदावर उतरवा, तीन रकान्यांत

माझी कागदपत्रं साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत होती. न उघडलेली पाकिटं, बँकेच्या नोटिसा, पतसंस्थेचं पासबुक, सगळं एकत्र. एका रविवारी दुपारी मुलांना आजीकडे पाठवलं, पिशवी स्वयंपाकघरात फरशीवर उलटी केली आणि कागद लावायला बसले. संध्याकाळी सहाला उठले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या, पण तीन वर्षांत पहिल्यांदा मला नेमका आकडा ठाऊक होता.

रकाने असे करा:

पहिला, तारणाची कर्जं. घर, गाडी, सोनं, मशीन, ज्यावर बोजा आहे ते.

दुसरा, जामीनदाराची कर्जं. पतसंस्था, सहकारी बँक, किंवा नवरा-बायको, भाऊ-बहीण सहकर्जदार असलेलं कोणतंही कर्ज.

तिसरा, उघडी कर्जं. क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, ॲपवरचं कर्ज, व्यापाऱ्याची उधारी, हातउसने. यांच्यामागे ना वस्तू, ना माणूस, फक्त तुमची सही.

प्रत्येक कर्जापुढे मुद्दल, आजची थकबाकी, शेवटचा हप्ता कधी भरला, आणि चेक दिला आहे का हे लिहा. चेकचा मुद्दा विसरू नका, खाली त्याची गरज पडेल. एखादं कर्ज निसटलंय असं वाटत असेल तर क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. माझ्या रिपोर्टात मी बंद झालं समजत असलेलं एक कार्ड चालूच निघालं.

खासगी सावकाराचं कर्ज असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. अशा कर्जासाठी आधी तो दरवाजा ठोठवा.

३. नादारीने काय सुटतं आणि काय सुटत नाही

हा भाग दोनदा वाचा. कोर्टाने तुम्हाला नादार ठरवलं की धनकोंना, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांना, कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर नवा दावा लावता येत नाही. तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि तिच्यातून सगळ्यांना हिश्शाने पैसे मिळतात. शेवटी कोर्टाने मुक्तता दिली की उघड्या कर्जांतून तुम्ही सुटता.

आता न सुटणारं.

तारण सुटत नाही. बोजा असलेल्या धनकोचा हक्क नादारीने जराही कमी होत नाही. घराचे हप्ते थकले असतील तर बँक साठ दिवसांची नोटीस देऊन ताब्याची कारवाई करणारच.

जामीनदार सुटत नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की कर्जदाराच्या मुक्ततेने जामीनदार किंवा सहकर्जदार मुक्त होत नाही. उलट तुमच्याकडची वाट बंद झाली की वसुलीचा सगळा जोर त्याच्यावर येतो. पतसंस्थेचा १०१ चा दाखला (सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला) निघाला की तो कर्जदार आणि जामीनदार दोघांवरही चालतो.

सरकारी देणं, फसवणुकीने घेतलेलं कर्ज आणि पोटगी सुटत नाही.

चेकचा खटला सुटत नाही. चेक न वटता परत गेल्यावरची कलम १३८ ची कारवाई फौजदारी असते. नादारीचा अर्ज दाखवून ती थांबत नाही.

माझ्या पतसंस्थेच्या कर्जाला दोन जामीनदार होते. त्यातले एक आमच्या मुलांच्या शाळेतले शिक्षक. वकिलीणबाईंनी माझी यादी हातात घेतली, दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, अर्ज मंजूर झाला तर यांच्या पगारातून कपात सुरू होईल. यांना सांगितलंय का?" मी सांगितलं नव्हतं. सरांनी चहाचा कप हातात धरून, फॉर्म न वाचता सही केली होती. माझा निर्णय जवळपास त्या खुर्चीतच झाला.

४. अर्ज न करता तुमचं नुकसान किती, हे मोजा

हे कुणी मोजत नाही, आणि भीती इथेच मोठी होते. कोर्टाचा हुकूमनामा झाला म्हणजे घरातलं सगळं उचलून नेतात असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, भविष्य निर्वाह निधी यांवर जप्ती येत नाही. नादारीतही याच वस्तू तुमच्याकडे राहतात.

पगाराचंही गणित ठरलेलं आहे. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लागत नाही. पगार पंचवीस हजार असेल तर एक हजार अधिक सोळा हजार, म्हणजे सतरा हजार सुरक्षित. जप्ती येऊ शकते ती आठ हजारांवर. शिवाय एकाच हुकूमनाम्यासाठी ही कपात एकूण चोवीस महिने झाली की त्या हुकूमनाम्यापुरती ती कायमची थांबते. पोटगीच्या हुकूमनाम्याचे नियम मात्र वेगळे आहेत. एकच धनको मागे असेल तर हे गणित मांडून पाहा. कधी कधी नादारीपेक्षा कपात सोसणं परवडतं.

५. आधी तडजोडीचा दरवाजा वाजवून पाहा

उघड्या कर्जांवर बँका आणि फायनान्स कंपन्या तडजोड करतात. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ च्या परिपत्रकात तडजोडीची चौकट घालून दिली आहे. माझ्या एका कार्डाची थकबाकी २,१०,००० होती, ती ९५,००० वर मिटली. पहिल्या फोनवर त्यांनी १,८०,००० सांगितले होते. मी उत्पन्नाचे कागद, बंद पडलेल्या ऑर्डरींची पत्रं आणि जमतील तेवढ्या पैशांचा आकडा लेखी दिला, चार महिने तोच आकडा धरून ठेवला.

तडजोडीत दोन गोष्टी पाळा. कंपनीच्या लेटरहेडवर, खातेक्रमांक आणि रकमेसह, 'उर्वरित रक्कम माफ, खातं बंद' असं लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. आणि पैसे फक्त कर्जखात्यात भरा, वसुली करणाऱ्या माणसाच्या यूपीआयवर कधीही नाही. रिपोर्टात मात्र 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि नवं कर्ज मिळणं अवघड होतं. ती किंमत आहे हे समजूनच सही करा.

दावा लागलेला असो वा नसो, लोकअदालतीतही तडजोड होते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तोच हप्ता कबूल करा. भर गर्दीत संकोचाने 'हो' म्हणून आलेल्या दोन बायका मी नंतर रडताना पाहिल्या आहेत.

६. मग नादारी कुणाला जुळते?

माझ्या भावाचं सांगते. टेम्पोच्या धंद्यात बुडाला, टेम्पो विकला गेला, एका गोदामात नोकरीला लागला. देणं सगळं उघडं, स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेले हातउसने आणि दोन पर्सनल लोन. जामीनदार कुणी नाही, घर भाड्याचं, चेक कुणाकडे नाही. एका धनकोचा हुकूमनामा झाला होता, पगारावर जप्ती सुरू होती आणि बाकीचे तिघे दावे लावण्याच्या तयारीत होते. तडजोड करायला एकरकमी पैसा नव्हता. अशा माणसासाठी ही वाट आहे.

तुमच्या कागदावर तिसरा रकाना सगळ्यात जड असेल, धनको अनेक असतील, मालमत्ता नाहीच्या बरोबर असेल आणि पुढच्या पाच-सात वर्षांच्या मिळकतीतूनही मुद्दल फिटणार नसेल, तर वकिलाशी गंभीरपणे बोला. पहिला किंवा दुसरा रकाना जड असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अर्ज करू नका. आधी जामीनदारांना वाचवा, तिसऱ्या रकान्यातली कर्जं तडजोडीत काढा. मी तेच केलं. पतसंस्था पूर्ण फेडली, त्यासाठी पाच मशीनं विकली, दोन ठेवली.

नोकरी-पदाचाही विचार करा. मुक्तता न मिळालेल्या नादाराला कंपनीचं संचालक होता येत नाही, आमदार-खासदारकी आणि स्थानिक निवडणूक यांना अपात्रता येते. सरकारी नोकरांना आपली नादारी वरिष्ठांना कळवावी लागते. आणि नादार ठरवल्याची सूचना नाव-पत्त्यासह राजपत्रात छापली जाते. घरच्यांना हे आधी सांगा.

७. अर्जासाठी काय गोळा करायचं

- सर्व धनकोंची नावं, पत्ते, रकमा (एकही वगळू नका, नात्यातले हातउसनेसुद्धा लिहा)
- सर्व मालमत्तेची यादी, किंमत आणि ती कुठे आहे; वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा असेल तर सातबारा
- बँक खात्यांचे उतारे, पगारपत्रकं किंवा धंद्याच्या वह्या, भरलेले आयकर विवरण
- कर्जकरार, नोटिसा, हुकूमनामा आणि दरखास्तीच्या (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी धनकोने केलेल्या अर्जाच्या) प्रती, जप्तीचा हुकूम
- राहण्याचा पुरावा, ओळखपत्र
- पूर्वी कधी नादारीचा अर्ज केला असल्यास त्याची माहिती
- कर्ज का थकलं याचे पुरावे

शेवटच्या ओळीला मी सगळ्यात जास्त महत्त्व देईन. मालमत्ता रुपयामागे आठ आण्यांइतकीही नसेल, तर कोर्ट बिनशर्त मुक्तता देत नाही, जोवर हे तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झालं असं तुम्ही दाखवत नाही. उधळपट्टी, जुगार, सट्टा, किंवा फेडता येणार नाही हे ठाऊक असून घेतलेलं कर्ज, हे सगळं तुमच्याविरुद्ध जातं. भावाने टेम्पोच्या अपघाताचा पंचनामा आणि दवाखान्याची बिलं जपून ठेवली होती. तीच कामाला आली.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, दिव्यांगांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

८. अर्जानंतरचा रस्ता

अर्ज दाखल झाल्यावर धनकोंना नोटिसा जातात आणि सुनावणीची तारीख पडते. फेडण्याची ऐपत नाही हे तुम्हाला सकृद्दर्शनी दाखवावं लागतं. नुसत्या अर्जाने दावे आपोआप थांबत नाहीत, संरक्षण नादार ठरवल्यावर लागू होतं. म्हणून अर्जाबरोबरच अंतरिम आदेश मागायचा का, हे वकिलाला विचारा. भावाच्या बाबतीत अर्जापासून नादार ठरेपर्यंत सव्वा वर्ष गेलं, त्यात अकरा तारखा.

नादार ठरल्यावर तुम्ही धनकोंपुढे तडजोडीचा प्रस्तावही ठेवू शकता. देणं सिद्ध केलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश लोकांनी मान्य केलं आणि कोर्टाला तो वाजवी वाटला, तर सर्वांवर बंधनकारक होतो. हातात थोडा नियमित पैसा असेल तर हा मार्ग चांगला.

नादार ठरवतानाच कोर्ट मुक्ततेसाठी अर्ज करण्याची मुदत घालून देतं. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. मुदतीत अर्ज केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो, आणि सगळे धनको पुन्हा दारात. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत जी नवी मालमत्ता येईल तीही रिसीव्हरकडे जाते. त्या काळात आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची किंवा जास्त उधारी घेणं हाही गुन्हा आहे.

९. इथे पाय घसरतो

घर किंवा जमीन घाईघाईने बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. अर्जाआधीच्या दोन वर्षांतलं असं हस्तांतर रद्द करून घेता येतं, आणि मालमत्ता लपवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

जवळच्या धनकोला आधी देऊन टाकू नका. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप दिलं तर तो व्यवहारही उलटतो. मला नणंदेचे पैसे आधी द्यावेसे वाटत होते. त्या वाटण्यात काही गैर नाही, पण अर्ज करायचा असेल तर हात आवरा.

"हप्ते भरणं थांबवा, आमच्याकडे फी भरा, आम्ही कर्जमुक्त करू" म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. माझे अठरा हजार असे गेले. त्यांनी केलेलं एकमेव काम म्हणजे बँकेला पाठवलेला एक ईमेल.

वसुलीवाल्यांचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर येऊ नयेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिवीगाळ, नातेवाइकांना फोन, बदनामी, याची नोंद तारीख-वेळेसह वहीत ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आणि रात्री झोप उडाली असेल, मनात नको ते येत असेल, तर कागद बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा केला होता, पहाटे तीन वाजता. पलीकडची मुलगी चाळीस मिनिटं ऐकत राहिली.

१०. मिटल्यावरचे कागद

तडजोड असो, पूर्ण फेड असो की कोर्टाची मुक्तता, प्रत्येक धनकोकडून 'येणे बाकी नाही' असा दाखला घ्या. तारण असेल तर खातं बंद झाल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे. दिलेले कोरे चेक परत मागा. दोन महिन्यांनी चारही क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढा, चूक असेल तर तिथेच तक्रार नोंदवा.

जामीनदारांनाही दाखल्याची प्रत द्या. मी पतसंस्थेचा दाखला घेऊन सरांच्या घरी गेले. त्यांनी या वेळी चष्मा लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.